सकाळी रुसणारी गाडी

सिंदेवाहीचं रेल्वे फाटक एकदा पडलं की लवकर उठत नाही. तेवढ्या वेळात लोक तंबाखू मळतात, भांडणं उरकतात, कुणाकुणाच्या सोयरिकीसुद्धा जमवतात. मी मात्र त्या दिवशी मुकाट्याने सायकल धरून उभी होते. कॅरियरला पंपाची जळलेली मोटार सुतळीने बांधलेली, दोन्ही हात काळे, आणि केसांत तांब्याच्या तारेचा एक तुकडा अडकलेला. त्या तुकड्याचा मला पत्ताच नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तो दिसला होता, हे त्याने मला फार उशिरा सांगितलं.

शेजारचा माणूस घामाने भिजला होता. त्याच्या हातात बॅटरीवर चालणारी कोरी करकरीत लाल दुचाकी गाडी होती, आणि ती तो ढकलत आणत होता.

सन दोन हजार आठ. पोळा होऊन तीन दिवस झाले होते.

"भाऊ, बॅटरी उतरली काय?" मी विचारलं.

तो दचकला. माझ्याकडे पाहिलं, मग मोटारीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "नाई जी. बॅटरी फुल्ल दाखवून राह्यली. हे पाहा ना, डिस्प्लेवर चारही दिवे हिरवे. पन रेस देली का काईच नाई. नुसती पाहून राह्यली माझ्याकडं."

"गाडी पाहते?"

"मंग काय! चार डोळ्यानं."

मला हसू आलं, पण मेकॅनिकने गिऱ्हाइकासमोर हसू नये, असा बाबांचा नियम. "किल्ली बंद करून पुन्हा लावा," मी म्हटलं. त्याने लावली. चारही दिवे गुणी पोरांसारखे उठून उभे राहिले. त्याने मूठ पिळली... चाक जागचं हललं नाही.

"कुठून ढकलत आणली?"

"घरून. चार किलोमीटर. तलावाच्या पाळीवर चढ हाये ना, तिथी तर हेच मले मांगं ढकलून राह्यली होती."

"माझ्या मागे या. पलीकडे कडुलिंबाखाली दुकान आहे, लटारू मोटार वाइंडिंग."

"हो, ठाऊक हाये. पन लटारूभाऊ तर बिमार हायेत म्हन्तात. मंग मेकॅनिक कोन हाये तिथी?"

फाटक उठलं. मी पायडलवर पाय ठेवला.

"चला तर," मी म्हटलं, "ओळख करून देते."

*

बाबांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात मिटत नव्हता, पण जीभ शाबूत होती. ते दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस करत. आत काम मी करत असे. वाइंडिंग मला कुणी शिकवलं नाही. दहावीनंतर शाळा सुटली, बाबांच्या शेजारी बसून तारेचे वेढे मोजता मोजता हात बसला. जळलेल्या मोटारीचा नुसता वास घेऊन ती कशाने जळली ते मी सांगायची. गावातल्या बायका याला चेटूक म्हणत.

मग या बॅटरीच्या गाड्या आल्या. लायसन नको, पेट्रोल नको. चंद्रपूरचे विक्रेते हरिदासभाऊ यांनी आमच्या तालुक्यात अकरा गाड्या विकल्या, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की दुरुस्त करणारा एकही माणूस त्यांनी नेमलेला नाही. पहिली बंद गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी ती घाबरतच उघडली. मोटार मागच्या चाकाच्या पोटातच बसवलेली. आत पाहते तर काय... तेच तांबं, तेच वेढे! मी तिला म्हटलं, अगं बाई, तू तर आमच्याच घरातली.

हरिदासभाऊंनी शब्द दिला होता. महिनाअखेरपर्यंत तालुक्यातल्या एकाही गाडीची तक्रार उरली नाही, तर कंपनीच्या दुरुस्ती केंद्राची पाटी आमच्या दुकानावर लागेल. नाही जमलं, तर मूल गावातल्या गॅरेजवर. पंपाच्या मोटारी जळतात त्या उन्हाळ्यात. बाकीचे आठ महिने दुकान माश्या मारायचं. पाटी नाही आली तर दिवाळीनंतर दुकान काकाला द्यायचं, आणि मला जमेल त्या घरी द्यायचं, असं नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. दोन्हीला माझा नकार होता. पण नकाराला आधार लागतो. माझा आधार ती पाटी होती.

दहा गाड्या मी सुरळीत केल्या होत्या. ही अकरावी.

दुकानात पोचेपर्यंत अकरा वाजले. मी पंपाची मोटार उतरवून ठेवली, हात धुतले, मीटर काढलं, सीट उचलली. "आता मूठ पिळा," मी म्हटलं.

त्याने पिळली. चाक गर्रकन फिरलं.

आम्ही तिघंही त्या चाकाकडे पाहत राहिलो. पहिले बाबा बोलले. "गोकुळे, तुले पाहूनच चालू झाली वो गाडी!"

त्या माणसाचे कान लाल झाले. "माय शप्पथ, लटारूभाऊ... चार किलोमीटर ढकलली मी."

*

त्याचं नाव सुरेंद्र. तो भाताच्या संशोधन केंद्रात शेतसहायक होता. धानाच्या प्रत्येक वाफ्यात पत्र्याची छोटी पाटी रोवायची, तिच्यावर वाणाचा क्रमांक रंगवायचा, आणि दाणे मोजत बसायचं, हे त्याचं काम. "दाणे मोजायचा पगार मिळते तुमाले?" मी विचारलं होतं. "तुमी वेढे मोजता, मी दाने मोजतो," तो म्हणाला. "आपल्या दोघाच्या घरी मोजनारंच मानूस चालते."

आपल्या दोघांच्या! दुसऱ्याच भेटीत! मी मीटरच्या काट्याकडे बघत राहिले. काटा स्थिर होता.

होय, दुसरी भेट झाली. तिसरीही झाली. गाडीचा खेळ रोज तोच. सकाळी घरून निघताना दिवे चारही हिरवे, आणि मोटार मुकी. तो ढकलत ढकलत दुकानात आणून ठेवायचा आणि उशीर झाला म्हणून पायी केंद्रात पळायचा. मी हातातलं काम संपवून तिच्याकडे वळेपर्यंत ऊन वर आलेलं असायचं, आणि गाडी चालू. दुपारच्या सुट्टीत तो न्यायला यायचा तेव्हा मी तक्रारीला जागाच नाही अशा गाडीशेजारी बसलेली असायची.

मी सगळं तपासलं. मोटारीच्या तीन जाड तारा, पाच बारीक तारा, रेसची मूठ, ब्रेकचा खटका, डिस्प्लेची पिन. सगळं ठीक. कंट्रोलर, म्हणजे सीटखालचा तो पत्र्याचा डबा, जो बॅटरीचा करंट मोटारीला वाटून देतो, तो गारव्यात दगा देत असेल असं वाटलं. हरिदासभाऊंकडून नवा मागवून बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा मुकी.

"भाऊ, तुमच्या हाताला तुपाचा वास काऊन येते?" एका दुपारी मी विचारलं. तो मूठ पिळत होता आणि मी वाकून चाक पाहत होते, त्यामुळे त्याचा हात माझ्या नाकाजवळच होता.

"डब्यात पोळी होती ना तूप लावून. आन हे भाऊ म्हनणं सोडा ना जी."

"मग काय म्हणू? साहेब?"

"सायब केंद्रात हायेत दोघं-तिघं. मले नुसतं सुरेंद्र चालते."

"चालतं ना? मग गाडीपेक्षा बरं आहे."

तो हसला. हसताना तो मान खाली घालायचा, जणू दाण्यांनी जड झालेली धानाची लोंबी. मी ते रोज पाहायचे. आणि मुठीवर, ब्रेकवर लागलेली हळदही पाहायचे. पण पोळ्याला गाडीची पूजा कोण करत नाही? हळद पुसून मी पुढच्या तारेकडे वळायचे. पूजेला आठवडा उलटला तरी हळद ओली कशी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. पोरीचं लक्ष मान खाली घालून हसणाऱ्या माणसाकडे असलं की असे प्रश्न पडत नाहीत.

एकदा गप्पांत त्याने सांगितलं, "बैलजोडी इकून घेतली हे गाडी. आता नांगरनी टॅक्टरनं होते, बैल गोठ्यात बसून राह्यचे. पन माय दोन दिवस जेवली नाई."

"आता जेवतात?"

"जेवते. पन सांजेले गोठ्यात जाऊन बसते. बैल नाई, काई नाई... गाडीपाशी बसते."

मी ते ऐकलं आणि विसरले.

*

गावाने मात्र काही विसरायचं ठेवलं नव्हतं. पाण्याला आलेल्या बायका दुकानापाशी मुद्दाम थांबत. "काय वो गोकुळा, आज आला नाई वाटते तुहा पेशंट?" "गाडी बिघडली का पोट्टा बिघडला?" बाबा खुर्चीतून म्हणत, "पोट्ट्याची वॉरंटी संपली."

मग हरिदासभाऊंचा फोन आला. "गोकुळाबाई, एक कंट्रोलर तुम्ही बदलला. तरी तक्रार आहेच. सोमवारी सकाळी आठला मी स्वतः येतो. गाडी थंडीगार असताना माझ्यासमोर सुरू झाली पाहिजे. नाहीतर पाटी मी गाडीत तशीच ठेवून मूलला जाईन."

मी फोन आपटून ठेवला. बाहेर सुरेंद्र गाडी घ्यायला उभा होता. मागे बायकांचं हसू. आणि गाडी, माझी वैरीण, एका मुठीत भुर्रकन सुरू झालेली.

"खरं सांगा," मी म्हटलं. "सकाळी ही बंद असते, की तुम्ही बंद करता?"

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू थांबलं.

"म्हंजे मी लबाडी करून राह्यलो?"

"इथे यायला बहाणा लागतो, म्हणून..."

"गोकुळाबाई," तो हळू बोलला. तोपर्यंत त्याने मला कधी नावाने हाक मारली नव्हती, आणि मारली ती अशी. "बहाना करायचा असता तं मी पंक्चर केली असती. चार किलोमीटर गाडी ढकलनारा बहाना कोन करते?"

तो गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. कळलं की तो गाडी घरीच ठेवून बसने जातो.

शनिवारी संध्याकाळी मी मोटारीचे वेढे मोजत होते आणि तीनदा चुकले. आयुष्यात कधी चुकले नव्हते. बाबा दारातून बघत होते.

"गोकुळे, ताप सकाळी येते आन तू दुपारी नाडी पाहून राह्यली," ते म्हणाले. "रोग कसा सापडंन?"

माझ्या हातातली तार तशीच राहिली. खरंच की! मी ती गाडी एकदाही आजारी असताना पाहिली नव्हती. फाटकावर पाहिली तेव्हा माझं लक्ष... जाऊ द्या, कुठे होतं ते सांगितलंच आहे.

*

रविवारी उजाडताच सायकल काढली. पिशवीत मीटर, पाने, रॉकेलची बाटली, आणि काढून ठेवलेला जुना कंट्रोलर. तलावाच्या पाळीवर धुकं होतं, पाण्यात एक-दोघे जाळी टाकत होते, आणि अंगावर शहारा येईल इतका गारवा. त्याचं घर विचारायला लागलं नाही. "बॅटरीवाला? थो पाहा कवेलूचा गोठा."

त्या कौलारू गोठ्यात दोन खुंटे होते, मोकळे. मध्ये ती लाल गाडी. अंगणात चूल पेटवत त्याची आई बसली होती, बायनाबाई. मला पाहून त्या उठल्या.

"कोन वो बाई?"

"मी गोकुळा. गाडी दुरुस्त करते. जरा पाहू का?"

"तू होय!" त्यांनी मला नखशिखान्त पाहिलं. मी तक्रारीच्या नोंदीत होते की दुसऱ्या कुठल्या, ते मला कळेना. "थो तलावावर गेला आंघोळीले. पाहा ना बाई, पाहा. मुकं जनावर हाये, सांगते थोडीच."

मी किल्ली लावली. चार दिवे हिरवे. मूठ पिळली. काही नाही. अखेर सापडलीस, मी मनात म्हटलं. बाकी सगळं समोरून तपासून झालंच होतं. म्हणून या वेळी मी मागे जाऊन उभी राहिले.

मागचा दिवा लाल जळत होता.

ब्रेकला कुणाचा हात नव्हता आणि ब्रेकचा दिवा जळत होता! या गाड्यांत ब्रेक दाबला की दोन गोष्टी होतात. मागचा दिवा पेटतो, आणि मोटारीचा करंट तुटतो, म्हणजे ब्रेक आणि मोटार एकमेकांशी भांडू नयेत. दोन्ही कामं एकच खटका करतो, हरभऱ्याएवढा. तो आत अडकला की गाडी समजते, मालकाने ब्रेक धरलाय, आपण थांबायचं. बिचारी आज्ञाधारक होती! सुरेंद्र रोज समोरच्या चार हिरव्या दिव्यांकडे बघत राहिला, आणि ती मागून सांगत राहिली.

मी ब्रेकच्या मुठीवरचं रबर मागे सारलं. आत पिवळा लगदा. बोटाला घेतला, हुंगला. थिजलेलं तूप, आणि हळद. उन्हाने पातळ व्हायचं, खटका सुटायचा. रात्रभराच्या गारव्याने थिजायचं, खटका बसायचा.

"बायनाबाई," मी हळूच विचारलं, "हे तूप..."

त्यांच्या हातातलं चुलीतलं लाकूड खाली आलं. चुलीच्या कडेला एक वाटी होती. पिवळी.

"पस्तीस वर्सं पोळ्याच्या आदल्या सांजेले बैलाचे खांदे शेकले मी," त्या म्हणाल्या. "वर्सभर जू ओढते थो खांदा, बाई. गरम तूप-हळद लावाव, हात फिरवाव, म्हनाव... आज आवतन घे, उद्या जेवाले ये. यंदा वाटी घेऊन गोठ्यात गेली तं बैल नाई. हे उभी होती. बैल देऊन हेच आनली ना घरी. मंग म्हनलं, आता ओढते तं हेच. हिचाच खांदा शेकला."

"आणि दुसऱ्या दिवशी ही चालेना."

"मले वाटलं, खांदा लय दुखून राह्यला. मंग रोज सांजेले लावाले लागली. जास्त लावलं." त्यांनी वाटीकडे पाहिलं. "म्याच बिघडवली काय वो?"

गाडीला औषधच बाधलं होतं.

"बिघडली नाही, मावशी. जरा जास्त लाड झाले."

मी गरम पाण्यात फडकं पिळलं, सगळं पुसून काढलं, रॉकेलचा बोळा फिरवला, नवा कंट्रोलर काढून जुनाच परत बसवला, खटका चारदा दाबून पाहिला. टिक, टिक, टिक, टिक. मागचा दिवा विझला. मूठ पिळली आणि मोकळ्या खुंट्यांमध्ये चाक भिरभिरलं. बायनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला, मग माझं मनगट धरलं.

"सुरेंद्राले नोको सांगू. हासन थो. केंद्रातले सायब लोक हासतीन. गावभर होईन का, बुढीनं गाडीले तूप चारलं."

"नाही सांगणार."

उठताना मी उजवा खांदा चोळला. रोजचं दुखणं, वाइंडिंगचा दांडा फिरवून फिरवून झालेलं. बायनाबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. "बस खाली," त्या म्हणाल्या. वाटी पुन्हा निखाऱ्यावर गेली.

"मावशी, मी बैल आहे का?"

"गाडी बैल होती काय? बस."

त्यांचा हात खडबडीत होता आणि तूप सोसवेल इतकंच गरम. बाबांच्या आजारपणापासून माझ्या खांद्याची कुणी चौकशी केली नव्हती. मी डोळे मिटून बसले, आणि डोळे उघडले तेव्हा समोर सुरेंद्र उभा. खांद्यावर ओला पंचा, केसांतून पाणी गळतंय. त्याने मला पाहिलं, आईला पाहिलं, माझ्या खांद्यावरची हळद पाहिली.

मी चटकन ओढणी सारखी केली आणि उठले. "गाडी दुरुस्त झाली. ब्रेकचा खटका अडकत होता. आणि... तुम्हाला लबाड म्हटलं, ते चुकलं माझं."

"बरं," तो म्हणाला. एवढंच. मान खाली होती, पण हसू नव्हतं.

*

सोमवारी आठला दुकानासमोर जत्रा होती. हरिदासभाऊ आपल्या चारचाकीतून उतरले. मागच्या सीटवर कागदात गुंडाळलेली पाटी दिसत होती. सुरेंद्र आला तो गाडीवर बसून, आईला मागे बसवून. तलावाच्या पाळीवरून, गारव्यातून, एका दमात. हरिदासभाऊंनी गाडी बंद करायला लावली, वीस मिनिटं सावलीत उभी ठेवली, मग स्वतः किल्ली लावली. चार हिरवे दिवे. मूठ पिळली, आणि ते तोल जाता जाता वाचले, इतकी ती झटक्यात निघाली.

"दोष काय होता?" त्यांनी विचारलं.

"ब्रेकचा खटका चिकटत होता. मी तो दुपारीच तपासत राहिले, सकाळी तपासला नाही. कंट्रोलर उगाच बदलला. चूक माझी. जुना ठीक आहे, पुन्हा तोच बसवलाय. तुमचा हा घ्या."

गर्दीत कुजबुज झाली. सुरेंद्रने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"चिकटला कशाने?"

बायनाबाई कडुलिंबाच्या खोडाआड सरकल्या. मला पाटी हवी होती, फार हवी होती. खरं कारण सांगितलं असतं तर माझी चूक अर्धी झाली असती. गाडीला तूप चारल्यावर कुठला मेकॅनिक काय करणार, असं सगळेच म्हणाले असते. आणि तालुका वर्षभर हसला असता.

"पावसाळा आहे, हरिदासभाऊ," मी म्हटलं. "ओल, धूळ, माती. काहीबाही चिकटतं."

हरिदासभाऊंनी रबर मागे सारून त्याच्या आतल्या घडीत बोट फिरवलं; तिथला पिवळेपणा रॉकेललाही गेला नव्हता. बोट नाकाशी नेलं. एकदा हुंगलं, दुसऱ्यांदा हुंगलं. मग त्यांनी सावकाश कडुलिंबाकडे पाहिलं, बायनाबाईंच्या हळदीच्या बोटांकडे पाहिलं, आणि खिशातून रुमाल काढून बोट पुसलं.

"ओलच असंन," ते म्हणाले. चंद्रपुरातली मराठी कुठल्या कुठे गेली होती. "आमच्याही घरी बैल होते... तेव्हा अशीच ओल याची." मग घसा खाकरून ड्रायव्हरला ओरडले, "पाटी काढ रे!"

*

पाटीवर कंपनीचं नाव होतं, आणि खाली दुकानदाराच्या नावासाठी जागा कोरी. संध्याकाळी सुरेंद्र आला. हातात बारीक कुंचला आणि पांढऱ्या रंगाची डबी.

"वाफ्याच्या पाट्या रोजच लिहितो," तो म्हणाला. "एक हे बी लिहून देतो."

बाबांनी अचानक चहाची तल्लफ आल्याचं सांगितलं आणि काठी टेकत टपरीकडे निघाले. दोन वर्षांत ते एकटे कधी टपरीवर गेले नव्हते.

त्याने 'गोकुळा लटारू' असं लिहिलं. प्रत्येक अक्षर टपोरं, सारख्या अंतरावर, रोवणीच्या रांगेसारखं. मी डबी धरून उभी होते.

"मायनं मले सांगतलं," तो खाली बघतच म्हणाला. "काल राती. समदं. तुमी सकाळी तोंड उघडता तं तुमची चूक माफ होती."

"मग मावशींचं काय झालं असतं?"

"म्हनून तं..." कुंचला थांबला. "आता गाडी बिघडनार नाई ना?"

"माझ्या हातची दुरुस्ती आहे. बिघडणार नाही."

"मंग मी काय सांगून येऊ इथी?"

मला उत्तर सुचत होतं, पण त्याने ते ऐकायची वाट पाहिली नाही. घाबरट! डबी बंद केली, 'येतो' म्हणाला, गाडीवर बसला आणि निघाला. मी पाटीखाली उभी राहून पाहत होते. फाटकाच्या वळणावर गाडी थांबली. फाटक तर उघडं होतं.

मागचा दिवा लाल जळत होता.

खटका मी स्वतःच्या हाताने साफ केला होता. तो चिकटणं शक्यच नव्हतं. म्हणजे ब्रेक कुणीतरी धरला होता, आणि सोडत नव्हतं. तसं दोष शोधायला मला कधी कधी आठवडा लागतो, पण हा मला तिथूनच कळला.

मी चालत गेले. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"चालत नाही का?" मी विचारलं.

"नाई जी. दिवे चारही हिरवे हायेत. पन..."

"ब्रेक सोड, सुरेंद्र."

त्याने सोडला. दिवा विझला. तरी गाडी हलली नाही, कारण आता तो मूठच पिळत नव्हता.

"मायनं काल विचारलं," तो म्हणाला, "का त्या पोरीचा खांदा शेकला, आन आवतन देयाचं राहून गेलं." त्याने मान खाली घातली, लोंबीसारखी. "थे मी देऊन राह्यलो. आज आवतन घे, गोकुळा... उद्या जेवाले ये."

लांबून आगगाडीची शिट्टी ऐकू आली आणि फाटक खाली यायला लागलं. आता ते लवकर उठणार नव्हतं.

"उद्याचं उद्या," मी म्हटलं, आणि त्याच्या मागे सीटवर बसले. "आधी फाटक उठेपर्यंत सांग, त्या दिवशी इथे तू माझ्याकडे टक लावून काय पाहत होतास?"

"तुह्या केसात तार होती," तो म्हणाला. "तांब्याची. उन्हात चमकून राह्यली होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं असतं तं काढून फेकली असती ना तू."